डावा कौल

मी रागीट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सून तर पाहुण्यांना दारातच सांगून ठेवते, आईंसमोर आजारपणाचा विषय काढू नका म्हणून. काढला की मी डॉक्टरांपासून देवापर्यंत कुणालाच सोडत नाही. पण हा राग माझ्यात आला कुठून, हे आजवर कुणी विचारलं नाही. लहानपणी मी अशी नव्हते. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, कॉलेजात नाव घातलेलं म्हणून जराशी मिरवणारी, पण मोठ्यांसमोर तोंड न उघडणारी पोर होते. राग मला त्या उन्हाळ्यात आला, सुमीला काय झालंय ते कळलं तेव्हा. आला तो मुक्कामालाच.

सुमी माझ्या शेजारच्या खोलीतली. तिची नि आमची मधली भिंत इतकी पातळ होती की तिच्या घरी फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. आम्ही दोघी एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या, एकाच नळावर भांडून एकाच शाळेत गेलेल्या. मॅट्रिकनंतर मी कॉलेजला गेले आणि ती लोअर परळच्या एका कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये काजं-बटणं करायला लागली. तिचे वडील, तात्या, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि तात्या दादरच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. गिरणीचा भोंगा बंद झाला होता तरी माझी आई त्या वेळेला दचकून उठायची आणि मग कशासाठी उठलो ते न समजून चहाचं आधण ठेवायची. भोंग्याच्या जागी आता दिवसभर ऐकू यायचा तो खालच्या गल्लीतल्या मसाला कुटणाऱ्या डंखांचा, म्हणजे यंत्रांचा, आवाज. मार्च लागला की सगळी मुंबई मिरच्या घेऊन लालबागला यायची. सुमीची आई, काकी, दुकानांतून मिरच्यांची पोती आणून घरी देठं खुडून द्यायची. आम्ही दोघी तिला मदत करायचो. बेडगी, शंकेश्वरी, लवंगी असे तीन ढीग गॅलरीत पसरलेले, आणि त्यांच्याभोवती आम्ही, नाकाला पदर नाहीतर ओढणी बांधून.

हे सगळं सांगतेय ते खोकल्यासाठी. उन्हाळ्यात लालबागला न खोकणारा माणूस म्हणजे परगावचा पाहुणा. मिरचीचा खाट हवेत असा भरलेला असायचा की ट्रकवाले तोंडाला फडकं बांधून गल्लीतून गाडी काढायचे. अशा ठिकाणी सुमी खोकत होती तर कोण लक्ष देणार? शिवाय ती जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. पहिल्या मजल्यावरच्या परुळेकरवहिनींशी दोन शब्द, दुसऱ्या मजल्यावरच्या बाबलकाकांशी दोन शब्द, कठड्याला रेलून. सगळी चाळ म्हणायची, सुमी मोठी गप्पिष्ट, माणसांची आवड आहे पोरीला. माणसांची आवड कसली, तिला धाप लागायची. बोलतानाही ती वाक्य अर्ध्यावर टाकून हसायची आणि उरलेलं हसून झाल्यावर बोलायची. तेही आम्हाला गोड वाटायचं. परळकडच्या आमच्या माणसांना छातीचं दुखणं म्हणजे एकच ठाऊक होतं, गिरणीतल्या कापसाने झालेला दमा नाहीतर क्षय, आणि सुमीने कधी गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळे मिरचीवर खापर फोडून सगळे मोकळे.

एक दिवस खोकताना रुमालावर गुलाबी डाग पडला. काकीने तो रुमाल स्वतः चुलीत टाकला आणि माझ्याकडे आली. टीबीच्या भीतीने तिचा चेहरा उतरला होता. सुमीचं लग्न ठरलं होतं ना. मुलगा कोकणातल्या आमच्या शेजारच्या गावचा, सुपारी फुटलेली, वरळीच्या चाळीत त्याची स्वतःची खोली, सासू गावाला. तुळशीचं लग्न झालं की हिचं लग्न. काकी म्हणाली, कुणाला कळू न देता हिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा, तुला इंग्रजी येतं. माझं इंग्रजी म्हणजे गाइडातली उत्तरं पाठ करण्यापुरतं. तरी मी गेले.

हॉस्पिटलात इंग्रजीची गरजच पडली नाही. एक तरुण डॉक्टरीण होती, तिने सुमीच्या छातीवर नळी ठेवली ती बराच वेळ उचललीच नाही. मग तिने विचारलं, लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का. सुजले होते. चौथीत असताना सुमी गुडघे धरून निजून होती, आणि काकीने तिला तेल चोळून, भाकरीच्या तव्यावर फडकं तापवून शेकलं होतं. ताप गेला, गुडघे बरे झाले, सगळे विसरले. डॉक्टरीण म्हणाली, त्या तापाने जाताना हृदयाची एक झडप खराब केली. दार आखडावं तशी ती आता अर्धवटच उघडते, म्हणून रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, म्हणून खोकला. औषधाने दार उघडणार नाही. ऑपरेशन लागेल, आणि लवकर. मीठ आजपासून बंद.

सुमीने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न केलं तर चालेल ना?"

डॉक्टरीण म्हणाली, "आधी ऑपरेशन. त्याच्याआधी लग्न झालं आणि दिवस गेले, तर तुझ्या जिवावर बेतेल. घरच्यांना नीट सांग."

लोकांना वाटतं, अशी बातमी ऐकली की माणूस आधी रडतो. मला रडू आलंच नाही. मला राग आला, आणि तोही भलत्याच गोष्टींचा. त्या डॉक्टरणीच्या स्वच्छ नखांचा आला. बाकावर बसून पेरू खाणाऱ्या बाईचा आला, ही माझ्या आईहून जाड असून हिचं हृदय कसं चांगलं म्हणून. सगळ्यात जास्त सुमीचा आला. परत येताना आम्ही एका रसवंतीत बसलो. तिथे भिंतीला आरसा होता, आणि ही बया त्यात बघून हनुवटीवरची पुटकुळी दाबत होती. हिच्या हृदयाचं दार बंद होत चाललंय आणि ही पुटकुळी बघतेय. मी काही बोलणार एवढ्यात तिने माझा हात धरून आपल्या गळ्याला लावला. "इथे शपथ घे. चाळीत कुणाला... कळता कामा नये," ती म्हणाली. मध्ये थांबून नेहमीसारखी हसली. त्या हसण्यामागे काय आहे ते मला आता ठाऊक होतं, आणि ते ठाऊक झाल्याचाही राग आला. मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

मग घरात खलबतं झाली. तात्या खाली मान घालून ऐकत बसले, काकी डोळे पुसत राहिली. शेवटी असं ठरलं की ऑपरेशन करायचं, पण चाळीत आणि गावाला अपेंडिक्स म्हणून सांगायचं. परुळेकरांच्या मुलाचं अपेंडिक्स काढलं होतं आणि त्याला मुलगी देताना कुणी का कू केलं नव्हतं. पोटाचं दुखणं म्हणजे झालं आणि गेलं. हृदयाचं म्हणजे मुलगी कायमची नासकी. हा शब्द काकीचाच, माझा नाही. मुलींच्या बाबतीत आमच्या लोकांची अक्कल अशी चालायची, आणि आज टॉवरमधल्या बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या त्यांच्या नातवंडांची फार वेगळी चालते असं समजू नका. परवाच आमच्या ओळखीत एका मुलीची थायरॉइडची गोळी साखरपुडा होईपर्यंत पर्सच्या चोरकप्प्यात होती.

मिठाचं प्रकरण तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टरणीने मीठ बंद केलं होतं, म्हणून काकी सुमीसाठी वेगळ्या टोपात अळणी पेज आणि अळणी भाजी करायची आणि तो टोप पिठाच्या डब्यामागे लपवायची. कुणी बघितलं तर विचारेल ना, पोटाच्या दुखण्याला अळणी कशाला. एका रविवारी सुमीची होणारी सासू गावाहून आली, सूनबाईला बघायला. काकीने आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांची उसळ, सोलकढी आणि वर खारवलेल्या बांगड्याचा तुकडा असा बेत केला. बाई कौतुकाने म्हणाली, आमच्या गावचा खारा बांगडा मी मुद्दाम आणलाय, सुमनला वाढा. काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने सुमीच्या पानात तो मिठाचा तुकडा वाढला, आणि सुमीने तो सासूशी हसत बोलत शेवटपर्यंत खाल्ला, काटे चोखून. मी समोर बसले होते. त्या रात्री भिंतीपलीकडून तिचा खोकला थांबला नाही, आणि सकाळी तिचे पाय सुजून चपलेत जाईनात. मी काकीला विचारलं, असं कसं वाढलंत? काकी म्हणाली, मग काय सांगायचं होतं? तिच्यावर रागावून मी तिच्याच मिरच्यांची देठं खुडत बसले.

हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली. तारीख मिळणं सोपं नव्हतं. नाशिक-सोलापूरकडची माणसं खाली फुटपाथवर पथाऱ्या टाकून तारखेची वाट बघत असायची. आपण नाही म्हटलं की ती दुसऱ्याला जाणार आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला. हे डॉक्टरणीने मला दोनदा बजावलं आणि मी ते तात्यांना चारदा. तात्या म्हणाले, होय होय, फक्त एकदा देवाला विचारून घेऊ.

आमच्या गावाकडे कुठलंही मोठं काम देवाचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. देवळात गुरव दगडी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला हाक मारून प्रश्न नीट सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर खोदायची, म्हैस विकायची, मुलगी द्यायची, सगळं पाकळीवर. बाबलकाका गावी निघाले होते, त्यांच्याकडे तात्यांनी निरोप दिला की आमच्या थोरल्या भावाला सांग, सुमनच्या ऑपरेशनचा कौल घे. बाबलकाका एसटीने गेले आणि शनिवारी परत आले. तात्यांच्या दारात उभं राहून त्यांनी एवढंच सांगितलं, "डावो पडलो."

झालं. तात्यांनी ठरवून टाकलं, ऑपरेशन नाही. जत्रेला स्वतः गावी जाऊन पुन्हा विचारू. जत्रा कधी, तर तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे सुमीच्याही लग्नानंतर. मी त्यांना डॉक्टरणीचे शब्द जसेच्या तसे पुन्हा सांगितले. लाज सोडून, वडिलांच्या वयाच्या माणसासमोर, दिवस गेले तर काय होईल तेही सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. देवाच्या पुढे कसं जायचं, एवढंच म्हणाले. माझ्या बापाकडे गेले, तर तो म्हणाला, ज्याचा त्याचा देव, आपण मध्ये पडू नये. आई काही बोललीच नाही. आणि सुमी? सुमीच्या तोंडावर मला सुटका दिसली. सुरी टळली म्हणून ती खरोखर खूश झाली होती. मला म्हणाली, देवच नको म्हणतोय तर... आणि पुढचं वाक्य तिला धाप लागल्यामुळे पुरं करता आलं नाही. तिचं मनगट धरून तिला ओढत हॉस्पिटलात न्यावं असं मला वाटलं. तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. ज्या माणसावर जीव असतो त्याच्यावर असा राग येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता चांगलं ठाऊक आहे, नवऱ्याच्या बायपासच्या वेळी पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं आटोपून सगळा मजला गॅलरीत आला होता. काकी, मी, आई आणि खालून आलेल्या परुळेकरवहिनी मिरच्यांना बसलो होतो. सुमी दारात पाटावर बसून ताटलीतली अळणी पेज पदराआड धरून पीत होती. तात्या कठड्याशी उभे. बाबलकाका वर आले. गावाहून आलेल्या माणसाला ऐकणारे मिळाले की तो फुलतो, तसे ते फुलले आणि कौलाची गोष्ट पहिल्यापासून रंगवून सांगायला लागले.

"गुरवान काय गाऱ्हाणा घातल्यान म्हणून सांगू," ते म्हणाले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या चेडवाच्या पोटात दुखता. मुंबयचो डाक्टर तिचा पोट फाडूक सांगता. तर ह्या पोट फाडूचा काय नको, ता तू सांग म्हाराजा. आम्ही म्हटला व्हय म्हाराजा, आणि डावी पाकळी टपकन खाली."

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली. पोट. त्यांनी देवाला पोटाचं विचारलं होतं. तात्यांनी बाबलकाकांनाही अपेंडिक्सच सांगितलं होतं, बाबलकाकांनी थोरल्या भावाला तेच सांगितलं, भावाने गुरवाला, आणि गुरवाने देवाला. चाळीपासून लपवता लपवता या माणसांनी देवापासूनही लपवलं होतं, आणि वर त्याच्या उत्तराची वाट बघत बसली होती. त्या देवाने बिचाऱ्याने विचारलेल्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. मी देव मानते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण त्या दिवसापासून त्या देवावर माझा राग नाही. माणसांवर आहे.

मी उठले, आणि उठता उठता विसरून मिरचीच्या हातांनी डोळे पुसले. डोळ्यांची अशी आग झाली की मला समोरचं कुणी दिसेना. एका अर्थी बरंच झालं. तात्यांचा चेहरा दिसत असता तर माझं तोंड उघडलं नसतं. मी ओरडले. माझा आवाज असा आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

"तुम्ही त्याला पोटाचं विचारलंत. तिच्या पोटाला काही झालेलंच नाही, मग तो फाडा कसं सांगेल? तिचं हृदय खराब आहे, तात्या. हृदयाचं त्याला विचारलं कुणी? देवाला खोटं सांगायचं आणि त्याच्या नावावर पोरीला मरू द्यायचं, हे कुठल्या गावात बसतं?"

आईने मला खाली ओढायला पदराला हात घातला, मी तो झटकला. पहिल्या मजल्यापासून माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. रसवंतीतली शपथ, काकीचा लपवलेला टोप, सासूचा खारा बांगडा, सगळंच मी बोलून टाकलं. तारीख बुधवारची आहे हेही सांगितलं. बोलून संपलं तेव्हा मी मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारत राहिले, आणि त्याने मिरची आणखीच पसरली. आईने शेवटी गोडं तेल लावलं.

डोळे उघडून बाहेर आले तेव्हा तात्यांनी आंघोळ केली होती. अंगावर पंचा होता. गॅलरीच्या टोकाला, गावाच्या दिशेला तोंड करून, त्यांनी पानावर नारळ ठेवला. घरातून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायची आमची पद्धत आहे, पण ते नेहमी दार लावून आत. तात्यांनी ते सगळ्यांसमोर घातलं. गिरणीच्या साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस, मोठ्यानेच बोलायचा. त्या दिवशी त्यांचा आवाज मला कष्टाने ऐकावा लागला.

"बा देवा म्हाराजा, मी तुझ्याकडे खोटा बोललंय. माझ्या चेडवाच्या पोटाक कायएक झाला नाय. तिच्या काळजात दोष आसा. लोकांका कळात, लगीन मोडात, म्हणान मी तुझ्यापासून पण लपवलंय. आता तुका इचारूक माका तोंड नाय. मी तिका घेवन जातंय. सांभाळ म्हाराजा."

मग माझ्या आईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." जी बाई दोन दिवस तोंड शिवून बसली होती, ती पहिली बोलली. मग परुळेकरवहिनी, मग बाबलकाका, मग जिन्यातली माणसं. मीही म्हटलं, दात ओठ खात. सुमी दारात नव्हती. पेजेची ताटली उंबऱ्यावर होती. ती आत भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि मी आत गेले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवारी ऑपरेशन झालं. छाती डावीकडून पार पाठीपर्यंत उघडली होती. तात्या नि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तात्यांनी मला चहा आणून दिला आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. झडप उघडली, असं डॉक्टरीण सांगायला आली तेव्हा त्यांनी तिच्या पायांकडे हात नेला आणि ती घाईने मागे सरली.

लग्न मोडलं. खबर वरळीला पोचायला लालबागहून कितीसा वेळ लागतो. सासूचा निरोप आला, मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. मुलाने म्हणे दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी जेवला असेल. एवढा जीव होता तर हॉस्पिटलात यायला वरळीहून परळ काही परदेश नव्हता. चाळीतल्या ज्या बायकांनी त्या रविवारी व्हय म्हाराजा म्हटलं होतं, त्याच नळावर माझ्याबद्दल म्हणायला लागल्या की नलूने मैत्रिणीच्या संसारात बिब्बा घातला. मी बादली भरून घ्यायची आणि काही बोलायची नाही. बोलले असते तर नळावर रक्त सांडलं असतं.

सुमीला भेटायला मी वॉर्डात रोज जायची. अळणी पेज घेऊन जायची. ती डोळे मिटून पडायची, मी निघाले की पेज प्यायची, हे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं. डॉक्टरांनी जिने मना केले होते, म्हणून हॉस्पिटलातून तिला भायखळ्याला मामाकडे नेलं, तिथे तळमजला होता. मी तिथे दोनदा गेले. दोन्ही वेळा मामी म्हणाली, निजलीय. दुसऱ्या वेळी आतून रेडिओ ऐकू येत होता. मी दारातून परतले ते भायखळ्यापासून लालबागपर्यंत चालत, सगळा रस्ता तिला मनातल्या मनात शिव्या देत. तुझा जीव वाचवला तो तुला नको होता तर तसं सांगायचं होतंस. मेलीस तर मेलीस, मला काय. असं म्हणायचं आणि मग रस्त्यात कुणी खोकलं की मागे वळून बघायचं. पाऊस गेला, तुळशीचं लग्न लागून गेलं. भिंतीपलीकडे आता खोकला नव्हता. काहीच नव्हतं. इतकी वर्षं ज्या आवाजाने झोपमोड व्हायची, त्याच्यावाचून मला झोप लागेना, याचाही मला राग यायचा.

पुन्हा मिरच्या आल्या. पुन्हा गॅलरीत तीन ढीग, पुन्हा खालची धडधड, पुन्हा सगळी गल्ली खोकतेय. मी नि काकी समोरासमोर बसून देठं खुडत होतो. आम्ही दोघी कामापुरतं बोलायचो, पण मी मदतीला येत होते आणि ती येऊ देत होती. तेवढ्यात खाली लाकडी जिन्यावर पावलं वाजली. परुळेकरवहिनींचा आवाज आला, कोण गो, सुमी काय? उत्तर आलं नाही. पावलं थांबलीही नाहीत. दुसऱ्या मजल्यावर बाबलकाकांनी हाक मारली, तिथेही थांबली नाहीत. काकीने माझ्याकडे बघितलं. त्या जिन्यावर एवढं सरळ वर येणारं आमच्या मजल्यावर कुणी नव्हतं, टपालवालासुद्धा मध्ये विसावा घ्यायचा.

सुमी वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. अंगाने भरली होती. ओठ लाल होते, इतके की आधी मला वाटलं काही लावलंय.

"तू माझं लग्न मोडलंस," ती म्हणाली. "माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होतीस आणि अख्ख्या चाळीसमोर बोंब मारलीस. मला विचारायचं तरी होतंस. मी मेले असते तर माझी मी मेले असते, तुझ्या बापाचं काय गेलं असतं? त्याची वरळीला स्वतःची खोली होती, सासू गावाला होती, मला कोण आता तशी खोली देणार आहे, तू देणार आहेस? आणि वर हॉस्पिटलात रोज पेज घेऊन येत होतीस तोंड वर करून, त्या पेजेत एवढा पण स्वाद नव्हता, आणि मामीकडे दोनदा आलीस आणि दोनदा तशीच परत गेलीस, आत घुसायला तुला काय झालं होतं, त्या दिवशी बरी घसा फाडून ओरडलीस..."

मिरचीचा खाट नाकात जात होता, तरी ती खोकली नाही. तिने कठड्याला हात लावला नाही, मध्ये हसली नाही. काकी हातातली मिरची धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली होती. मलाही बोलायचं होतं, माझाही वर्षभराचा राग साठलेला होता. पण मी मध्ये तोंड घातलं नाही. तिचं संपायची वाट बघत बसले, आणि ते संपेचना.